चिखलातलं नाव

गोजराबाईला नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. माले गावात पोरंठोरं तिला आजी म्हणत, सून साधना आत्या म्हणायची, मुलगा माऊली आई, आणि पुण्याहून शेत बघायला येणारी मंडळी मावशी, ताई, एकदोघं तर मॅडम म्हणून मोकळी होत. नवरा जनार्दन होता तेव्हा त्यानं सगळा संसार 'अगं ए'वर निभावून नेला. बायकोचं नाव त्यानं आयुष्यात एकदाच घेतलं, ते लग्नातल्या उखाण्यात, आणि तेही मागून कुणीतरी ढोसल्यावर. माहेरी नाव घेणारे केव्हाच गेले होते. सदुसष्ट वर्षं वागवलेलं नाव आता रेशनकार्डावर आणि सातबाऱ्यावर तेवढं जिवंत होतं.

नावाचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. गोजराबाईलाही पूर्वी त्याचं काही वाटत नसे, कारण पूर्वी वर्षातले दहा-बारा दिवस असे यायचे की तिचं नाव पोटभर घेतलं जायचं. ते दिवस भातलावणीचे, आणि नाव घेणारी फुलाबाई.

फुलाबाई वरच्या कातकरवाडीतली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इकडे आल्या आणि त्याच आषाढात गोजराबाईच्या खाचरात शेजारी शेजारी वाकल्या. पुढं पस्तीस वर्षं त्यांची जागा बदलली नाही. गावच्या रस्त्यावर भेटली तर फुला बाजूला होऊन 'वयनी' म्हणायची. घरी आली तर ओट्यावर बसायची, आणि तिचा चहा यायचा तो वळचणीला खोचलेल्या वेगळ्या कपात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. निदान ज्यांचे कप घरात होते त्यांना तरी नाही. पण एकदा पाय गुडघाभर चिखलात रुतले, की फुलाची जीभ सुटायची.

"गोजरे, वाकडं लावलंस. डोळं हायेत का बटनं?"

"तुजं बघ की आदी!"

"माजं बघूनच तू सुदारशील म्हनून तर शेजारी हुबी हाय मी."

बारा बायका हसायच्या, पाऊस पाठीवर आपटत राहायचा आणि रोपाची एकेक जुडी संपत जायची. दुपारी फुला बांधातल्या बिळांत हात घालून मुठे काढायची. मुठे म्हणजे भातखाचरातले लहान खेकडे. तीन दगडांवर पातेलं ठेवून मिरची-मिठात ते शिजवायची आणि गोजराबाई तिच्या हातचं, तिच्याच पातेल्यातलं, बोटं चाटून खायची. घरी सासूला कळू नये म्हणून मग ओढ्यावर तीनतीनदा तोंड धुवायची. आणि फुला? ती बांधावर चढली, पाय धुतले, की पुन्हा 'वयनी'. जणू चिखलाबरोबर ते नावही धुऊन निघायचं.

एकदा कापणीच्या वेळी विळा सटकला आणि फुलाच्या उजव्या हाताच्या करंगळीचं अर्धं पेर गेलं. गोजराबाईनं नव्या लुगड्याचा पदर फाडून ते बोट बांधलं होतं. लुगडं फाडल्याबद्दल सासूनं पुढं महिनाभर ऐकवलं, ती गोष्ट वेगळी.

मग हळूहळू शेताचं काहीतरी बिनसत गेलं. ते कधी सुरू झालं हे कुणालाच सांगता यायचं नाही. युरियाच्या गोण्या वाढल्या, बैल जाऊन पॉवर टिलर आला, तण मारायचं औषध आलं. उन्हाळ्यात जमीन विटेसारखी वाजायची आणि पावसात पातळ होऊन ओढ्याला लागायची. मुठे आधी कमी झाले, मग दिसेनासे झाले. फुला सवयीनं बिळात हात घालायची आणि रिकामा बाहेर काढायची. पाऊसही पंचांग बघेनासा झाला. महिनाभर दडी मारायचा, नाहीतर महिन्याचा एका दिवसात ओतून मोकळा व्हायचा.

जनार्दन गेला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका संस्थेची शुभांगी गावात आली. जीन्स घातलेली, शेतीची पदवी घेतलेली, बोलायला नको तितकी गोड. देवळात बाया-माणसं जमली तेव्हा तिनं काचेचे दोन ग्लास पाण्यानं भरले. एकात देवराईच्या कडेचं ढेकूळ टाकलं आणि दुसऱ्यात गोजराबाईच्या शेतातलं. देवराईचं ढेकूळ तसंच बसून राहिलं. गोजराबाईचं मात्र बघता बघता विरघळलं आणि ग्लासभर गढूळ राड झाली. चारचौघांत पदर फाटावा तशी ती बसल्या जागी ओशाळली.

"मावशी, तुमच्या मातीला धरून ठेवणारं आत काही उरलं नाही," शुभांगी म्हणाली. "मुळं, गांडुळं, कुजलेला पाला. हे परत आणता येतं."

तिची शेती उलटीच होती. रोपासाठी पालापाचोळा पेटवून राब भाजायचा नाही, नांगर घालायचा नाही, चिखल करायचा नाही. गादीवाफे एकदाच बांधायचे आणि पुढं वर्षानुवर्षं मोडायचे नाहीत. ज्येष्ठात लोखंडी साच्यानं वाफ्यावर भोकं पाडायची, भोकात चार-चार दाणे टाकायचे. कापणी झाली की मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि तण कापून तिथंच अंथरायचं. चिखलात तुंबलेल्या पाण्यातून जो वायू निघतो त्यानं जगाची हवा तापते, हेही तिनं सांगितलं. त्यावर टिलरवाला तानाजी म्हणाला, "मंग खाचरावर शेगडी मांडून च्याच करू की!" सगळं देऊळ हसलं. गोजराबाई हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढून तो गढूळ ग्लास हलत नव्हता.

तिनं वाफे बांधले. पहिल्या वर्षी गावानं तिला वेड्यात काढलं. दुसऱ्या वर्षी एकाच दिवसाच्या पावसात सगळ्यांचे बांध फुटले आणि माती ओढ्यात गेली. तिची जागेवर राहिली. तिसऱ्या वर्षी ऐन भाद्रपदात तीन आठवडे पाऊस नव्हता, तरी तिचं भात माना टाकून बसलं नाही. आता हसणारे गुपचूप येऊन साचा कुठं मिळतो ते विचारू लागले. वाफ्यात हात घातला तर गांडुळं बोटांना लागत. मूठभर माती नाकाशी नेली तर जनार्दनाच्या तरुणपणचा वास यायचा, आणि मग तिला नाही नाही ते आठवायचं.

लावणी मात्र गेली. साधना साचा ओढायची, गोजराबाई दाणे टाकायची, आठ दिवसांत दोघीच सगळं उरकत. बारा बायकांचं काम उरलं नाही. आषाढात ती कोरड्या पायांनी घरी बसून राही आणि पाय दुखत नाहीत म्हणून तिला चैन पडत नसे. फुला मात्र तण कापायला, कापणीला येत राहिली. दोघी कोरड्यात शेजारी बसत, काम करत. पण कोरड्यात ती 'वयनी'च म्हणायची.

आणि मग ती शिवारफेरी झाली.

दोन बसा भरून शेतकरी आले होते. मांडव, माइक, फोनवर चित्रण करणारी पोरं. पाहुण्यांसाठी भाकरी करायला वाडीतल्या बायका बोलावल्या होत्या, त्यांत फुलाबाई होती. मांडवाच्या मागं चुली, मांडवाच्या पुढं गोजराबाई. कुणीतरी विचारलं, "मावशी, या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा कोणता?"

मातीचं सांगायचं, गांडुळांचं सांगायचं, असं शुभांगीशी ठरलं होतं. पण समोर दीडशे माणसं बघून गोजराबाईला चेव आला.

"लावणी गेली बघा! आता बायांच्या पाया पडाया लागत न्हाई!"

हशा आणि टाळ्या. पुरुष मंडळींनी माना डोलावल्या. त्यांच्या मनातलं बोलली होती ती. तोटा काय झाला, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तिनं खरं सांगितलं असतं.

ती वळली तेव्हा मांडवाच्या कडेला फुलाबाई उभी होती, दोन्ही हात पिठानं भरलेले. ती चुलीकडे परत गेली, उरलेल्या सगळ्या भाकरी तिनं केल्या, एकही करपू दिली नाही, आणि जेवायला न थांबता वाडीची वाट धरली.

त्या साली कापणीला ती आली नाही. गोजराबाई स्वतः वाडीवर गेली. फुलानं घोंगडी अंथरली, पाणी दिलं, "गुडघं दुखत्यात वयनी," एवढंच म्हणाली. चार शिव्या घातल्या असत्या तर गोजराबाई निवांत घरी आली असती. त्या 'वयनी'नं तिचा जीव अर्धा केला. तीन वर्षं अशीच गेली. ते चित्रण मात्र फोनाफोनांतून फिरत राहिलं. लग्नात, दवाखान्यात, पौडच्या बाजारात कुणीही हसून म्हणायचं, "काय आजी, बायांच्या पाया पडाया लागत न्हाई न्हवं?" आणि गोजराबाई तिथून काढता पाय घ्यायची.

यंदा ओढ्याकाठच्या खाचरात उगवण नीट झाली नाही. ओळीत हातहातभर मोकळ्या जागा पडल्या. पाखरांनी दाणे टिपले असतील, असं ती म्हणाली, आणि तिच्या मनात पहिल्यांदा तो विचार आला. हे खाचर फुकट गेलंच आहे, तर ते मोडावं. पाणी तुंबवावं, चिखल करावा, लावणी धरावी. लावणी म्हटल्यावर वाडीतल्या बाया लागणार. बाया म्हटल्यावर फुला. आणि चिखल म्हटल्यावर... पुढचं ती मनातसुद्धा पुरतं म्हणत नव्हती.

कोपऱ्यात तिनं रोप टाकलं. शुभांगीला कळवलं नाही. साधनानं विचारलं तर म्हणाली, "असू दे थोडं." सात वर्षांची माती टिलरच्या दातांखाली जाणार, गांडुळांचे तुकडे होणार, हे तिला गावात सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. तरी रोप वीतभर झाल्यावर तिनं तानाजीला टिलर घेऊन यायला सांगितलं आणि वाडीत निरोप धाडला, "वढ्याच्या खाचरात लावणी हाय, फुलाला सांगा."

निरोपाला उत्तर आलं नाही. तरी ठरल्या दिवशी उजाडताच ती पाणी अडवायला खाचरावर गेली. बांधावरचं गवत विळ्यानं बाजूला केलं आणि तिचा हात थांबला.

बांधाला बिळं होती. एक, दोन, पुढं आणखी. मुठे! इतकी वर्षं नव्हते म्हणून बांधाकडे बघायची सवयच मोडली होती. कोवळी रोपं खुडून मोकळ्या जागा पाडणारी पाखरं ती हीच तर! तिला हसू आलं. मग तिनं वाकून नीट बघितलं. काही बिळांची तोंडं ओल्या मातीच्या गोळ्यानं बंद केली होती, आणि प्रत्येक गोळ्यावर तीन बोटं दाबलेली होती. दोन लांब, एक आखूड. अर्धं पेर नसलेलं.

पोटाशी पिल्लं असलेली मादी सापडली की फुला ती परत आत सोडायची आणि तोंड असं लिंपून टाकायची, म्हणजे दुसऱ्या कुणी तिला काढू नये. काही गोळे ताजे होते, काही वाळून भेगाळलेले. म्हणजे फुला येत होती. आजच नाही, कित्येक दिवसांपासून. उजाडायच्या आत येऊन, हिचं तोंड बघायला लागू नये म्हणून हिच्या आधी निघून जात होती. गोजराबाईनं त्या तीन बोटांच्या खुणेवर आपली बोटं ठेवली.

"आजी, पानी अडवलं न्हाई अजून?" तानाजी टिलर घेऊन आला होता.

"मागं फीर."

"आवं, पौडास्नं डिजेल आनलंय!"

"भाडं घेऊन जा घरनं. पन ह्या खाचरात टिलर घालायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती झुंजूमुंजू होताना प्लॅस्टिकची खोळ पांघरून बांधावर जाऊन बसली. भुरभुर पाऊस होता. वाडीच्या वाटेनं फुलाबाई आली, हातात पिशवी, पाय अनवाणी. हिला बघून थबकली. पण पळून जाणाऱ्यांतली ती नव्हती.

"वयनी, मुठं न्हेलं तुमचं चार-धा. परत करू का?"

"फुला, त्या दिवशी मी जे बोलले..."

"माईकवर बोललात. सगळ्यांनी ऐकलं." तिनं पिशवी खाली ठेवली. "पस्तीस वर्सं आले मी. कवा पाया पडाया लावलं तुमास्नी?"

"न्हाई."

"मंग?"

गोजराबाईनं रात्रभर बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. "लोक टाळ्या वाजवाया लागलं," ती म्हणाली. "मला बरं वाटलं."

फुला खाचराकडे बघत म्हणाली, "हितं चिखल करनार व्हता म्हनं."

"तू येशील म्हनून."

"माज्यासाटी?" फुला वाकली, बिळात हात घालून तिनं एक मादी बाहेर काढली आणि उलटी करून दाखवली. पोटाखाली इवली इवली पिल्लं चिकटून बसली होती. "आन ह्यास्नी कुटं धाडनार व्हता? किती सालांनी आलीत! म्या रोज मोजतीया. चिखल नगं आता." तिनं मादी आत सोडली, मातीचा गोळा लावला, तीन बोटं दाबली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या हिरव्यागार रोपावर गेली. "आन ह्ये?"

"टाकीन गुरांपुडं. काय करू?"

"गुरांपुडं!" फुलाला ते सोसवलं नाही. तिनं पदर खोचला, रोप उपटून जुड्या बांधल्या आणि वाफ्यांतल्या मोकळ्या जागा दाखवल्या. "मुठ्यांनी खुडलंय, तितं लावू. चला."

दोघी वाकल्या, शेजारी शेजारी. काठीनं भोक पाडायचं, रोप ठेवायचं, अंगठ्यानं माती दाबायची. माती मऊ होती, बोट सहज आत जात होतं. पायाला चिखल नव्हता. कुणी गात नव्हतं, बारा बायका नव्हत्या, नुसता पाऊस खोळीवर वाजत होता. पहिली ओळ झाली. दुसरी निम्मी झाली.

"गोजरे, वाकडं लावलंस."

गोजराबाई उठली नाही. वर बघितलंही नाही. तोंड दिसू नये म्हणून ती वाकूनच राहिली आणि ते रोप काढून पुन्हा लावता लावता तिला दोनदा भोक सापडलं नाही.

दहा वाजायच्या आत जागा संपल्या. "तिकडं बघ की, आसतील आजून," गोजराबाई म्हणाली. दोघींनी सगळे वाफे फिरून बघितले. एकही उरली नव्हती. फुला बांधावर चढली, चिखल नव्हता तरी सवयीनं ओढ्यात पाय धुतले.

"येते, वयनी."

"फुला, घरी चल. आत बस, च्या घे."

फुलानं तिच्याकडे जरा बघितलं. "आत" हा शब्द इतक्या वर्षांत पहिल्यांदा आला होता, हे दोघींनाही कळलं. "बघू," ती म्हणाली. "फुडल्या साली."

पुढल्या ज्येष्ठात साधना साचा ओढत होती आणि गोजराबाई मागून दाणे टाकत होती. मध्येच तिची मूठ एखाद्या भोकावरून न उघडता पुढं जायची.

"आत्या, हितं दानं पडलं न्हाईत."

"पडलं आसतील."

"आन ह्यातबी न्हाईत."

"तू साचा वढ."

त्या आधीच तिनं वळचणीचा तो कप काढून टाकला होता. आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यात सतरंजीएवढं रोप टाकलं.

आषाढात शुभांगी पिकाची मोजणी करायला आली. वही घेऊन ओळीओळीनं फिरली आणि बुचकळ्यात पडली. "मावशी, तुमच्याकडे या वर्षी मोकळ्या जागा फार पडल्यात."

"मुठ्यांनी खाल्लं."

"पण अशा सारख्या अंतरावर? दर दहा भोकांनंतर एक?"

"शिस्तीचं हायेत आमचं मुठं," गोजराबाई म्हणाली. "आन बाई, तुज्या वहीत आजून एक लिव. त्या दिवशी माईकवर मी खोटं बोलले. लावणी गेली हा फायदा न्हवता."

शुभांगीनं वहीत 'लावणी' एवढंच लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. ती निरोप घेऊन पुढच्या शेतावर गेली. गोजराबाईनं वाडीच्या वाटेकडे बघितलं. अजून कुणी दिसत नव्हतं. तिनं रोपाची जुडी उचलली, चपला बांधावर काढून ठेवल्या, वाफ्यात उतरून वाकली, आणि पहिलं रोप मुद्दाम वाकडं लावलं.